वाव आणि फॅदम

पूर्ण ओहोटी लागली की खाडीकाठची होडी चिखलात बसते आणि एका कुशीवर कलते. नांगराचा दोर सैल पडतो, सुकाणू उघडं पडतं, बुडाला चिकटलेलं शेवाळ आणि कालवं उन्हात वाळायला लागतात. चार माणसांनी खांदा लावला तरी ती हलत नाही. पाणी परत येईपर्यंत सहा-एक तास थांबायचं, दुसरा इलाज नाही. आणि ती उधाणाच्या भरतीला जरा जास्तच वर येऊन टेकली असेल, तर भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीचं पाणी तिच्यापर्यंत पोचतही नाही. मग पुढच्या उधाणाची वाट पाहणं आलं. दाभोळ, जयगड, देवगड, कुठल्याही खाडीवर हे रोज दिसतं. इंग्रजीत याच होडीला 'हाय अँड ड्राय' म्हणतात. हाय म्हणजे पाण्याच्या रेषेच्या वर, ड्राय म्हणजे कोरडी.

खाडीकाठच्या मुलाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. शब्दकोशात त्यापुढे 'असहाय, निराधार' लिहिलेलं असतं, तेही पटतं. आणि मग तो लिहितो, 'ही इज पुअर अँड हाय अँड ड्राय.' किंवा मे महिन्यात विहिरी आटल्या की 'अवर व्हिलेज इज हाय अँड ड्राय.' व्याकरणाची चूक नाही, चित्रही बरोबर, तरी इंग्रजी वाचणारा अडखळतो. कारण या शब्दांना सोडून जाणारा कुणीतरी लागतो. होडी आपणहून वर चढत नाही, पाणी तिला टाकून निघून जातं. म्हणून त्याच्यासोबत बहुतेक वेळा 'लीव्ह' हे क्रियापद येतं: 'द कॉन्ट्रॅक्टर टूक द अॅडव्हान्स अँड लेफ्ट अस हाय अँड ड्राय.' मराठीत याच्या सर्वांत जवळचं म्हणजे 'वाऱ्यावर सोडलं'. गरिबीचा किंवा दुष्काळाचा इथे संबंध नाही. ज्याच्यावर भिस्त होती तो निघून गेला, एवढंच. शिवाय क्रम पक्का आहे, 'ड्राय अँड हाय' चालत नाही. आणि मध्ये 'व्हेरी' घुसवता येत नाही.

वाक्प्रचाराचा अर्थ कळणं आणि तो वापरता येणं यांत एवढी खाडी असते. आपल्या शाळांत पहिल्या काठापर्यंत नेऊन सोडतात. 'वाक्प्रचार, अर्थ, वाक्यात उपयोग' अशा तीन रकान्यांत दोन गुण पडतात, पण तिसरा रकाना बहुधा पहिल्या दोघांवरून अंदाजाने भरलेला असतो.

समुद्राने इंग्रजीला शेकडो शब्दप्रयोग दिले. शिडाच्या जहाजांवर जगलेल्या माणसांची ती भाषा किनाऱ्यावर उतरली आणि कचेऱ्यांत, कोर्टांत, दवाखान्यांत जाऊन बसली. कोकणातल्या वाचकाला यांतली निम्मी चित्रं फुकट मिळतात, आणि फुकट मिळालेलं चित्रच पुढे फसवतं.

फॅदम घ्या. दोन्ही हात ताणून पसरले की एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंतचं अंतर, म्हणजे सहा फूट, मीटरमध्ये १.८३. मच्छीमार पाण्याची खोली मोजतात तो वाव हाच. ओळंबा सोडायचा आणि दोर वर ओढताना हात पसरून मोजायचं: एक वाव, दोन वाव, दहा वाव. जुन्या इंग्रजीतही फॅदमचा मूळ अर्थ पसरलेले हात, कवळ असाच आहे. दोन्ही किनाऱ्यांवर माप एकच, अंगानेच मोजलेलं. पण मापातून पुढे निघताना वाटा फुटल्या. मराठीत वाव म्हणजे मोकळीक, जागा: 'तिच्या गुणांना इथे वाव नाही.' इंग्रजीत फॅदम म्हणजे खोलीचा थांग लागणं: 'आय कान्ट फॅदम व्हाय ही रिफ्यूज्ड.' आणि इथेच वापराची मेख आहे. हे क्रियापद जवळजवळ नेहमी नकारासोबत, नाहीतर अवघडपणासोबत येतं. 'कान्ट फॅदम', 'हार्ड टू फॅदम', 'ट्राइंग टू फॅदम'. 'आय फॅदम्ड द लेसन' असं कुणी म्हणत नाही. मराठीतही 'त्याचा थांग लागत नाही' हे सहज येतं, 'मला धड्याचा थांग लागला' हे येत नाही. कान तोच आहे. तो इंग्रजी वाचतानाही उघडा ठेवायचा.

आपला मोकळीकवाला वाव इंग्रजीत हवा असेल तर तिथे 'लीवे' आहे, आणि तोही समुद्रातलाच. वारा बाजूने आला की होडी नाक सरळ ठेवूनही थोडी थोडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला सरकते. ते सरकणं म्हणजे लीवे. किनाऱ्यापासून पुरेसं अंतर ठेवलं नाही तर हे सरकणं होडीला खडकावर नेऊन घालतं, म्हणून सरकण्याची जागा आधीच धरून चालायचं. त्यातूनच 'गिव्ह हिम सम लीवे', म्हणजे त्याला थोडं इकडेतिकडे होऊ द्या. पण 'मेक अप द लीवे' म्हटलं की अर्थ फिरतो; आता मोकळीक नाही, मागे पडलेलं अंतर भरून काढायचं आहे. क्रियापद बदललं की त्याच शब्दाची दिशा बदलते. लिहिताना 'लीव्ह वे' होतं, ती चूक तर इतकी रुळली आहे की जाहिरातींतही दिसते.

'बाय अँड लार्ज' हे सर्वांत जास्त वापरलं जाणारं आणि सर्वांत कमी ओळखलं जाणारं. यात लार्जचा 'मोठा' या अर्थाशी संबंध नाही. वाऱ्याच्या तोंडाशी जमेल तितकं जवळून जहाज हाकणं म्हणजे 'बाय द विंड', आणि वारा पाठीमागून घेऊन मोकळं सुटणं म्हणजे 'लार्ज'. जे जहाज दोन्ही तऱ्हांनी नीट चालतं ते 'बाय अँड लार्ज' चांगलं. म्हणून अर्थ 'एकंदरीत पाहता'. 'टेकन अबॅक'चं चित्र मात्र आपल्या होड्यांवर दिसणार नाही. आपलं शीड तिरक्या परबाणाचं (शीड ज्या वाशाला बांधतात तो परबाण), आणि हा प्रकार आडव्या परबाणाच्या, चौकोनी शिडांच्या जहाजांवर घडतो: वारा अचानक समोरून भरतो, शिडं उलटी डोलकाठीवर दाबली जातात आणि जहाज जागच्या जागी थबकतं. म्हणून 'आय वॉज टेकन अबॅक' म्हणजे मी थबकलो, चपापलो. जहाज स्वतःला असं थांबवत नाही, म्हणून हे कर्मणीच राहतं. 'आय टूक अबॅक' असं होत नाही. आणि धक्का बहुतेक वेळा न आवडणारा असतो. पोरगी बोर्डात पहिली आली म्हणून आई-बाबा 'टेकन अबॅक' झाले असं लिहिलंत तर त्यांना ते खटकलं असा वास येईल.

बर्थ हा शब्द १९९८ मध्ये कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सलग धावायला लागल्यावर इथे घरोघरी झाला. गणपतीला 'लोअर बर्थ मिळाला का' हा पहिला प्रश्न. त्याआधी तो जहाजाचा शब्द. नांगरावर उभं जहाज भरती-ओहोटीने आणि वाऱ्याने नांगराभोवती फिरतं. त्या फिरण्याला जेवढी जागा सोडायची ती बर्थ. 'गिव्ह समवन अ वाइड बर्थ' म्हणजे त्याला ऐसपैस जागा देणं नव्हे, तर त्याच्यापासून चार हात लांब राहणं. पाहुण्याला प्रेमाने 'वुई विल गिव्ह यू अ वाइड बर्थ' असं कळवणाऱ्या यजमानाकडे पाहुणा कशाला येईल? स्पेलिंगची गोची वेगळीच. जन्माचा बर्थ आणि हा बर्थ उच्चारात अगदी सारखे असल्यामुळे लेखी चूक झाली तर ती बाळंतपणावर जाते.

भरतीच्या शब्दाबद्दल जरा थांबलं पाहिजे. 'टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन' हे शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं, आणि तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी काढणाऱ्या किनाऱ्यावर ते सरळ भरतीशी जोडलं जातं. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या; भरती खरंच कुणासाठी थांबत नाही. पण या म्हणीतला टाइड मुळात पाण्याचा नाही. जुन्या इंग्रजीत टाइड म्हणजे वेळ, काळ, सण. संध्याकाळला 'ईव्हनटाइड', नाताळाला 'ख्रिसमसटाइड' म्हणतात त्यात तो अजून शिल्लक आहे. समुद्राचा अर्थ त्याला नंतर चिकटला. भिंतीवरची म्हण म्हणजे 'काळवेळ थांबत नाही' इतकंच.

खरा भरतीचा प्रयोग 'टाइड ओव्हर' हा. वारा पडला की शिडाचं जहाज नुसत्या भरतीच्या ओढीवर पुढे सरकवायचं आणि ओहोटी लागली की नांगर टाकून थांबायचं. अडचणीचा काळ असा ढकलणं म्हणजे टाइड ओव्हर. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली, आणि घर मात्र चालायला हवं. 'दिस मनी विल टाइड अस ओव्हर टिल ऑगस्ट' हे वाक्य या दोन महिन्यांसाठीच जन्मल्यासारखं आहे. रचना पाहा: पैसा हा कर्ता, माणूस मध्ये, आणि शेवटी कधीपर्यंत ते. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं 'टाइड ओव्हर द क्रायसिस' असं लिहितात, म्हणजे माणूस कर्ता आणि संकट कर्म. आपल्या देशात ते चालतं, सगळ्यांना समजतं; परदेशी बँकेला किंवा खरेदीदाराला पत्र लिहिताना पहिली रचना धरावी. 'टाय मी ओव्हर' ही कानाची चूक. कुणाला बांधायचं नाहीये.

शब्दांच्या वजनाचं काय होतं ते दवाखान्यात कळतं. 'टच अँड गो' म्हणजे होडीचा तळ जमिनीला घासला आणि तरी ती पुढे निघाली. बुडाली असती, वाचली. डॉक्टरांनी 'इट वॉज टच अँड गो' म्हटलं तर रात्र जिवावरची होती असा अर्थ आहे. आपल्याकडे मात्र उभ्याउभ्या दिलेल्या भेटीला 'टच अँड गो' म्हणायची सवय झाली आहे. उलट 'अंडर द वेदर' हलकं: थोडी कणकण, घसा धरलेला. अतिदक्षता विभागात असलेल्या माणसाबद्दल 'ही इज अंडर द वेदर' लिहिलं तर थट्टा केल्यासारखं वाटतं. शब्दकोशात दोन्हींपुढे चार शब्द असतात. हे वजन त्यांतून दिसत नाही.

दोराचे प्रयोग तर एकमेकांच्या पायात पाय घालतात. मोठ्या शिडाच्या जहाजावर शेकडो दोर, रात्री अंधारात हाताला लागेल तो ओळखून ओढता आला पाहिजे. म्हणून 'लर्न द रोप्स', 'नो द रोप्स', आणि नव्या माणसाला 'शो हिम द रोप्स', म्हणजे कामाच्या खाचाखोचा दाखवणं. तिन्हीत 'द' हवा आणि अनेकवचन हवं. पण 'ही इज ऑन द रोप्स' म्हटलं की आपण जहाजावरून मुष्टियुद्धाच्या रिंगणात गेलो. आता माणूस हरायला आला आहे. 'रोप इन'ची गंमत वेगळी. आपल्या बातम्यांत नटाला सिनेमासाठी 'रोप्ड इन' केलं जातं, म्हणजे फक्त घेतलं जातं. इंग्लंडमध्ये त्यात गळ घालून ओढून आणल्याची छटा असते: 'आय गॉट रोप्ड इनटू मेकिंग द टी.' आणि 'थ्री शीट्स टू द विंड' मधलं शीट हे शीड नव्हे. शिडाचा खालचा कोपरा आवळून धरणारा दोर आहे. तीन दोर सुटले की शीड फडफडतं आणि जहाज झोकांड्या खातं, दारू प्यायलेल्यासारखं. मित्रांत म्हणावं, साहेबाच्या निरोपसमारंभात नव्हे.

खरा धोका मात्र जिथे चित्र दोन्ही भाषांत हुबेहूब एक आहे तिथे. बुडत्याला काडीचा आधार. 'क्लच अॅट स्ट्रॉज'. बुडणारा तोच, काडी तीच. पण मराठीत आपण बुडणाऱ्याच्या बाजूने उभे असतो. आधार मिळाला, काडीचा का होईना. इंग्रजीत बोलणारा काठावर उभा असतो आणि त्याला माहीत असतं की काडीने काही होणार नाही. 'यू आर क्लचिंग अॅट स्ट्रॉज' म्हणजे तुझ्या म्हणण्यात दम उरलेला नाही. आजारी माणसाच्या नातेवाइकाला तुमची मदत म्हणजे काडीचा आधार असं मराठीत कृतज्ञतेने म्हणता येतं. इंग्रजीत तेच वाक्य टोमणा होतं. तसाच पाण्याबाहेरचा मासा. आपली मासोळी तळमळते, जीव जायची वेळ असते. इंग्रजांचा 'फिश आउट ऑफ वॉटर' नुसता अवघडलेला असतो: लग्नात ओळखीचं कुणी नाही, कपडे वेगळे, हात कुठे ठेवावे कळत नाही. मासा तोच, पण एकाचा जीव चालला आहे आणि दुसऱ्याची फक्त पंचाईत झाली आहे.

उलट दिशेचा प्रवासही बघू, कारण किनाऱ्यावर पाहुणे उतरायला लागल्यापासून रोजची अडचण तिथे होते. 'मला बोट लागते.' हे वाक्य इंग्रजीत न्यायला गेलं की हाती काहीच येत नाही. मराठीचं 'लागणे' हे फार कष्टाळू क्रियापद. बोट बंदराला लागते, माणसाला बोट लागते, सुपारी लागते, ऊन लागतं, ठेच लागते, झाडाला फळ लागतं. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळं क्रियापद शोधावं लागतं. नेहमीची सवय सांगायची तर 'आय गेट सीसिक', आत्ता होतंय तर 'आय फील सीसिक', गाडीला 'कारसिक'. आणि मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे किंवा राजपुरीहून जंजिऱ्याकडे होडी नेणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: ब्रिटिश पाहुणा 'आय अॅम गोइंग टू बी सिक' म्हणाला तर तो उद्याच्या आजारपणाबद्दल बोलत नाहीये. त्याला या मिनिटाला उलटी होणार आहे. त्याला पिशवी द्या, नाहीतर वारा ज्या बाजूला जातो आहे त्या कठड्याशी न्या. वाऱ्याच्या तोंडावर नेलंत तर सगळ्यांच्या अंगावर. अमेरिकन माणसाचं 'आय वॉज सिक लास्ट वीक' म्हणजे नुसता आजारी होतो; ब्रिटिशाचं 'आय वॉज सिक ट्वाइस' म्हणजे दोनदा ओकलो.

दुसरं 'येतो'. आपण जाताना 'जातो' म्हणत नाही, ते अशुभ. 'येतो हं.' ही सभ्यता तशीच इंग्रजीत उतरते आणि घरमालक पाहुण्याला 'आय अॅम कमिंग' म्हणून दाराबाहेर पडतो. पाहुणा चक्रावतो, कारण इंग्रजीत 'कमिंग' म्हणजे ऐकणाऱ्याच्या दिशेने येणं. स्वयंपाकघरातून हाक आली आणि तुम्ही निघालात, तर 'कमिंग!' बरोबर. खोलीतून बाहेर जाऊन चहा घेऊन परत यायचं असेल तर 'आय विल बी राइट बॅक'. रात्रीचा निरोप असेल तर 'सी यू टुमॉरो'.

आणि 'माइंड'. कोकणातल्या जुन्या घरांची चौकट बुटकी. सहा फुटी पाहुणा पहिल्याच दिवशी कपाळ आपटून घेतो. 'माइंड युअर हेड' म्हणा, म्हणजे डोकं सांभाळा. पायरीशी 'माइंड द स्टेप'. इथे मनाचा संबंध नाही. मग तो विचारतो, 'वुड यू माइंड मूव्हिंग द स्कूटर?' आपण तत्परतेने 'येस, येस' म्हणतो आणि स्कूटर हलवायला धावतो, पण शब्दाने आपण नकार दिलेला असतो, कारण त्याने विचारलं होतं, 'तुमची हरकत आहे का?' उत्तर 'नॉट अॅट ऑल', किंवा नुसतं 'शुअर'. 'नेव्हर माइंड' म्हणजे असू दे. 'आय डोन्ट माइंड' म्हणजे चालेल. आणि बोलता बोलता येणारं 'माइंड यू' म्हणजे हुबेहूब आपलं 'बरं का'. 'आय अॅम अफ्रेड द लास्ट फेरी हॅज लेफ्ट' यात भीती शोधू नये. धोपाव्याची शेवटची फेरी गेली हे वाईट वाटतं म्हणून सांगतोय, एवढंच.

भारतीय इंग्रजीबद्दल उगाच लाज बाळगायचं कारण नाही. 'प्रीपोन' हा नेटका शब्द आहे, ऑक्सफर्डच्या कोशात आहे, वापरावा. 'आउट ऑफ स्टेशन' देशाबाहेर कुणाला कळणार नाही, घरात चालू दे. पण जहाज कंपनीला पाठवायच्या अर्जात 'आय पास्ड आउट इन २०१९' लिहू नये. तिथे पास आउट होणं म्हणजे बेशुद्ध पडणं. 'ग्रॅज्युएटेड' लिहावं. आणि 'प्लीज रिव्हर्ट'ऐवजी 'प्लीज रिप्लाय'. रिव्हर्टचा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणं.

मोबाइलवर फिरणाऱ्या व्युत्पत्तींवरही फार विसंबू नये. 'पॉश' हा म्हणे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याचा संक्षेप, हिंदुस्थानात येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची सावलीतली खोली श्रीमंत घेत म्हणून. कथा झकास आहे, पण तसं छापलेलं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही. 'एसओएस' म्हणजे 'सेव्ह अवर सोल्स' हेही नंतर रचलेलं. १९०६ च्या बर्लिन परिषदेत ती खूण ठरली ती अक्षरांसाठी नव्हे; तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं हा ठोका गोंगाटातही ओळखू येतो म्हणून.

मग हे शिकायचं कसं? आठवड्याला तीस नव्हे, तीन. वहीचं एक पान एका प्रयोगाला. वर, कुठेतरी खरोखर वाचलेलं पूर्ण वाक्य, आपण बनवलेलं नव्हे. खाली कोण कुणाला म्हणतंय ते; मग काय बदलता येतं आणि काय गोठलेलं आहे ते: काळ बदलतो का, 'द' हवा का, मध्ये माणूस येतो का. एक चुकीचं वाक्य लिहून त्यावर काट मारायची. डोक्यात काट जास्त टिकते. शेवटी जवळचा मराठी प्रयोग आणि तो कुठे वेगळा पडतो ते. शंका असेल तर इंटरनेटवर प्रयोग अवतरणचिन्हांत टाकून शोधावा आणि त्या देशाच्या बातम्यांतले दहा वापर वाचावेत. दहांपैकी आठांत 'लीव्ह' दिसलं, तर 'लीव्ह' हा त्या प्रयोगाचाच भाग समजावा. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत 'इन्फॉर्मल', 'स्पोकन', 'ब्रिटिश' अशा बारीक खुणा असतात. अर्थाआधी त्या वाचाव्यात.

रत्नागिरी आणि रायगडातली कितीतरी मुलं जहाजावर जातात, आणि त्यांना तिथे गेल्यावर हे सगळं बाजूला ठेवावं लागतं. ज्या समुद्राने इंग्रजीला हे प्रयोग दिले, त्याच समुद्रावर आज ते बोलायचे नाहीत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये 'स्टँडर्ड मरीन कम्युनिकेशन फ्रेजेस' स्वीकारले. फिलिपिनो, युक्रेनी, चिनी आणि कोकणी माणसं एकाच जहाजावर असताना कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून इंग्रजी सोलून ठेवलेलं. 'कान्ट' म्हणायचं नाही, 'कॅनॉट' म्हणायचं, कारण खरखरीत रेडिओवर 'कान्ट'चा शेवट गळतो आणि नेमका उलटा अर्थ पोचतो. 'मे आय एंटर द फेअरवे?' (फेअरवे म्हणजे जहाजांच्या ये-जा करण्याची खोल वाट) नाही, कारण 'मे' म्हणजे परवानगी की शक्यता ते कळत नाही; म्हणायचं, 'क्वेश्चन: डू आय हॅव परमिशन टू एंटर द फेअरवे?' वाक्याआधी ते काय आहे हेच सांगून टाकायचं: इन्स्ट्रक्शन, अॅडव्हाइस, वॉर्निंग, इन्फर्मेशन, क्वेश्चन, आन्सर, रिक्वेस्ट, इन्टेन्शन, अशा आठ खुणा आहेत. दीडशे हा आकडा 'वन-फाइव्ह-झीरो'. पण सुकाणूचा कोन 'फिफ्टीन' असाच, कारण तिथे प्रघात तो आहे. ऐकू आलं नाही तर 'रिपीट' नव्हे, 'से अगेन'. 'रिपीट' हा बोलणाऱ्याचा शब्द, महत्त्वाचं तेच पुन्हा ठासून सांगतो तेव्हाचा: 'डू नॉट ओव्हरटेक, रिपीट, डू नॉट ओव्हरटेक.'

आणि हाक मारायच्या व संकटाच्या रेडिओ चॅनेल सोळावर, १५६.८ मेगाहर्ट्झवर, सिनेमातलं 'ओव्हर अँड आउट' म्हणू नये. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तू बोल. 'आउट' म्हणजे बोलणं संपलं, उत्तर नको. दोन्ही एकदम म्हणणं म्हणजे 'बोल बोल' म्हणत फोन ठेवून देणं.